इम्युनिटी वाढवू की कमी करू?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): नमस्कार डॉक्टर. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते, वय ३३. गेल्या दिवाळीनंतर सकाळी उठलं की तासभर बोटं वळेनात, मनगटं सुजली, कणीक मळवेना. तपासण्यांत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला. डॉक्टर म्हणाले, तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच सांध्यांवर उलटली आहे, ती आवरायला हवी. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट सुरू केली आहे. सासूबाई म्हणतात, आधीच अंगात ताकद नाही, त्यात इम्युनिटी कमी करणारं औषध कशाला? त्या रोज गुळवेलीचा काढा देतात. दिरांनी मोबाईलवर एका क्लिनिकची जाहिरात पाठवली. नोबेल मिळालेल्या ‘टी-रेग’ पेशी टोचल्या की हा आजार मुळापासून जातो म्हणे, खर्च काही लाखांत. आम्हाला दुसरं मूल हवं आहे. थोरली मुलगी सहा वर्षांची आहे, तिलाही हे होईल का? इम्युनिटी वाढवू की कमी करू, तेवढं नक्की सांगा.

ताई,

आधी आजच्या आज करायच्या तीन गोष्टी. काढा थांबवा. मेथोट्रेक्सेट स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि त्या क्लिनिकला आगाऊ म्हणून एक रुपयाही पाठवू नका. बाकीचं सावकाश वाचा, जमलं तर सासूबाईंना शेजारी बसवून वाचा. त्यांचा प्रश्न रास्त आहे. ‘डॉक्टर म्हणतात म्हणून’ एवढ्यावर त्यांची बोळवण करू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रतिकारशक्ती कमी झाली की माणूस आजारी, वाढली की ठणठणीत, असा त्यांचा हिशेब. तो त्यांच्या एकटीचा नाही. कोविडच्या काळात किराणा दुकानापासून औषधांच्या दुकानापर्यंत ‘इम्युनिटी वाढवा’ हेच ऐकू येत होतं. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्या एका कामाच्या नसतात. काही जंतूंना गिळतात, काही विषाणू शिरलेली पेशी मारतात, काही अँटिबॉडी तयार करतात. आणि त्यांच्यातच एक लहान गट असा आहे की ज्याचं काम बाकीच्यांना आवरणं हेच आहे. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात (टी-पेशी ही पांढऱ्या पेशींचीच एक जात), डॉक्टरांच्या बोलण्यात टी-रेग. रक्तात सीडी-४ जातीच्या ज्या टी-पेशी असतात, त्यांतल्या साधारण पाच ते दहा टक्के या. जाहिरातीतलं नाव म्हणजे याच पेशी.

त्यांची गरज का पडते ते समजलं की तुमचा आजारही समजेल. टी-पेशी तयार होतात तेव्हा प्रत्येकीला जंतू ओळखण्यासाठी एक वेगळा ग्राहक, म्हणजे पकडणारं प्रथिन (रिसेप्टर), मिळतो, आणि तो जवळजवळ सोडतीसारखा मिळतो. उद्या कोणता जंतू येईल हे शरीराला आधी कळत नाही, म्हणून लाखो तऱ्हेचे ग्राहक तयार ठेवायचे. या सोडतीत काही टी-पेशींच्या वाट्याला असे ग्राहक येतात की जे आपल्याच थायरॉइडला, आपल्याच सांध्याला परकं समजतात. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे अशा पेशी निवडून मारल्या जातात. मात्र तिथल्या चाळणीतून काही सुटतातच. तुमच्या, माझ्या, सासूबाईंच्या, अगदी धडधाकट माणसाच्या रक्तातही स्वतःवर उलटू शकणाऱ्या टी-पेशी फिरत असतात. तरी बहुतेकांना काही होत नाही. त्याचं एक मोठं कारण टी-रेग.

पालखी सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या जमतात, टाळ-मृदंगांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो आणि सगळा समाज शांत होतो. चोपदार कुणाचे टाळ हिसकावून घेत नाही. टी-रेगही बहुतेक वेळा समोरच्या पेशीला मारत नाहीत, तिला गप्प बसवतात.

कसं गप्प बसवतात, ते थोडं खोलात सांगते, कारण तुमची पुढची औषधं इथूनच निघाली आहेत. टी-पेशींना वाढायला इंटरल्युकिन-२ नावाचं द्रव्य लागतं. टी-रेगच्या अंगावर ते पकडणारे ग्राहक इतरांपेक्षा फार जास्त असतात. त्या ते द्रव्य शोषून घेतात आणि शेजारच्या चवताळलेल्या पेशीची उपासमार होते. दुसरी रीत अधिक नेमकी. कोणत्याही टी-पेशीला कामाला लागण्यासाठी दोन इशारे लागतात. एक, ‘हे बघ, हे परकं दिसतंय.’ दुसरा, ‘हो, खरंच धोका आहे.’ हा दुसरा इशारा देणारी प्रथिनं जंतूचे तुकडे टी-पेशींना दाखवणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असतात. टी-रेगकडे सीटीएलए-४ नावाचं प्रथिन असतं. त्याने त्या ही इशाऱ्याची प्रथिनंच ओढून आपल्या पोटात घेतात. मग पहिला इशारा मिळूनही दुसरा मिळत नाही आणि हल्ला सुरूच होत नाही. याखेरीज इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा यांसारखी दाह शमवणारी द्रव्यंही त्या सोडतात.

हे सगळं कळायला फार वर्षं गेली. १९७०च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड गर्शन यांनी हल्ला दाबणाऱ्या टी-पेशींची कल्पना मांडली होती. पुढे या पेशींच्या नावावर भाराभर दावे झाले, त्यांतला एक महत्त्वाचा दावा जनुकांच्या तपासणीत टिकला नाही आणि १९८०च्या दशकात सगळा विषयच बदनाम झाला. त्या काळात जपानचे शिमोन साकागुची यांनी तो सोडला नाही. जन्मानंतर तीन दिवसांनी उंदराच्या पिल्लाची थायमस ग्रंथी काढली तर त्याचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करतं, हे आधी दिसलेलं होतं. साकागुचींनी अशा पिल्लांना निरोगी उंदराच्या टी-पेशी दिल्या आणि हल्ला टळला. म्हणजे त्या टी-पेशींत कुणीतरी रोखणारं होतं. ते नेमकं कोण, हे त्यांनी १९९५ साली दाखवलं: ज्यांच्या अंगावर सीडी-२५ ही खूण आहे त्या. ही खूण म्हणजे इंटरल्युकिन-२ पकडणाऱ्या ग्राहकाचाच एक भाग. या पेशी वगळून बाकीच्या टी-पेशी थायमस नसलेल्या उंदरांना टोचल्या, तर थायरॉइड, जठर असे एकामागून एक अवयव बिघडत. वगळलेल्या पेशी परत दिल्या की आजार टळे.

दुसरा धागा अमेरिकेतला. १९४०च्या दशकात टेनेसीतल्या ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत किरणोत्साराचा अभ्यास करण्यासाठी उंदीर पाळले जात. तिथे काही नर पिल्लं आपोआप खवलेदार कातडीची जन्मली. त्यांच्या प्लीहा नि लसिकाग्रंथी फुगलेल्या असत आणि ती काही आठवड्यांत मरत. कितीतरी वर्षांनी मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्या उंदरांच्या एक्स गुणसूत्रावरचा दोष शोधायला घेतला. संशय वीस जनुकांवर येऊन थांबला होता. त्यांनी एकेक तपासलं आणि दोष सापडला तो विसाव्यात. त्याला फॉक्स-पी-३ असं नाव मिळालं. याच जनुकात दोष असेल तर माणसाच्या मुलग्यांनाही आयपेक्स नावाचा आजार होतो, हे २००१ साली स्पष्ट झालं. तान्ह्या वयातच न थांबणारे जुलाब, मधुमेह, अंगभर इसब. अशा बाळाला कुणी ‘इम्युनिटी कमी’ म्हणेल का? त्याची अडचण नेमकी उलट आहे, आवरणारं कुणी नाही. दोन वर्षांत हेही कळलं की साकागुचींच्या टी-रेग घडतात त्या याच जनुकामुळे. या कामासाठी तिघांना २०२५ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे जाहिरातीतलं नोबेल खरं आहे. पण ते पारितोषिक शरीराची एक यंत्रणा उलगडल्याबद्दल आहे, सांधेदुखीवर इंजेक्शन सापडल्याबद्दल नाही. रुग्णाच्या टी-रेग काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत देण्याचे प्रयत्न जगात चालू आहेत, इंटरल्युकिन-२ अगदी कमी मात्रेत देऊन त्या वाढवण्याचेही. मलाही या कामाकडून मोठी आशा आहे. पण ऱ्हुमॅटॉइडवरचा मान्य उपचार म्हणून यातलं काहीच आज उपलब्ध नाही. खरी चाचणी ओळखायची सोपी खूण दिरांना सांगा. आपल्या देशात माणसांवरच्या औषधांची चाचणी सरकारी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदवावी लागते. तिचा क्रमांक असतो, नैतिकता समितीची मंजुरी असते, आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. तुमच्याकडून काही लाख मागणारा माणूस संशोधन करत नाही.

क्लिनिकवाले ‘आधी टी-रेग मोजून बघू’ असंही म्हणतील. मोजू नका. लंडनमध्ये २००४ साली झालेल्या एका अभ्यासात ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांच्या टी-रेग तपासल्या, तर पेशी होत्या, पण दाहाची द्रव्यं सोडणाऱ्या टी-पेशींना त्या आवरू शकत नव्हत्या. टीएनएफ या दाहकारक द्रव्याला रोखणारं औषध दिल्यावर त्यांची ती क्षमता परतली. सुजलेल्या सांध्याच्या पाण्यातही टी-रेग भरपूर सापडतात. तेव्हा रक्तातल्या आकड्यावरून तुमच्या सांध्यात काय चाललंय ते कळत नाही, आणि तुमचे डॉक्टर तो आकडा बघून औषधही बदलणार नाहीत. मला या अभ्यासात धीर देणारी गोष्ट वेगळीच दिसते: दाह उतरला की शरीराची स्वतःची आवरण्याची यंत्रणाही सावरू शकते. म्हणूनच पहिल्या वर्षात दाह नीट उतरवण्यावर डॉक्टर एवढा भर देतात. त्या काळात सांध्याचं हाड झिजलं तर ते भरून येत नाही.

आता सासूबाईंच्या मुख्य मुद्द्याकडे येते. इम्युनिटी खरोखर वाढवणारी औषधं जगात आहेत. ती काढ्यात मिळत नाहीत, कर्करोगाच्या वॉर्डात मिळतात. गाठ स्वतःभोवती टी-रेग गोळा करते आणि त्यांच्या आड लपून वाढते. म्हणून सीटीएलए-४ला अडवणारं इपिलिमुमॅब हे औषध आलं, २०११मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आवरणारा हात बाजूला सारला की टी-पेशी गाठीवर तुटून पडतात. काही रुग्णांना त्याने वर्षानुवर्षांचं आयुष्य मिळालं. हा विचार पुढे नेणाऱ्या जेम्स ॲलिसन यांना २०१८चं नोबेल तासुकू होन्जो यांच्यासोबत विभागून मिळालं. पण या जातीची औषधं घेणाऱ्यांच्या आतड्याला दाह होतो, थायरॉइड बिघडते, यकृत सुजतं, आणि काहींचे सांधे अगदी तुमच्यासारखे सुजतात. इम्युनिटी खरोखर वाढली की काय होतं, ते हे. कर्करोगाशी झुंजणारा माणूस ही किंमत मोजायला तयार होतो, कारण समोर मरण असतं. तुमची प्रतिकारशक्ती आधीच सांध्यांवर चालून आलेली आहे. तिला आणखी चेतवण्यात तुमचा काय फायदा?

उलट बाजूचं औषधही याच प्रथिनातून निघालं. सीटीएलए-४चा तुकडा वापरून अबाटासेप्ट बनवलं गेलं, ते ‘धोका आहे’ हा दुसरा इशारा झाकून टाकतं आणि ऱ्हुमॅटॉइडमध्येच वापरतात. मेथोट्रेक्सेटने पुरेसा आराम पडला नाही तर पुढच्या पायरीवर अशी औषधं असतात. आज त्याची घाई नको. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात.

गुळवेलीबद्दल. सासूबाई ती मायेने देतात यात शंका नाही. पण २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि चित्र प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्यासारखं होतं. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, की वनस्पती नीट ओळखली गेली नसावी, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. हा वाद इथे सोडवायची गरज मला वाटत नाही. तुमच्या घरातला काढा नेमक्या कोणत्या वेलीचा आहे हे तरी कुणी तपासलंय? मेथोट्रेक्सेटचा भार मुळात यकृतावर येतो, म्हणून तर डॉक्टर ठरावीक दिवसांनी रक्त तपासायला सांगतात. त्यात हा भार नको. यकृताच्या तपासणीत बिघाड दिसला तर डॉक्टरांना आधी मेथोट्रेक्सेटच थांबवावी लागेल, आणि नुकसान सांध्यांचं होईल. आजवर किती दिवस काढा घेतलात, हे पुढच्या भेटीत न लपवता सांगा. कुणी रागावलं तरी सांगा.

‘आतड्यातल्या चांगल्या जंतूंनी टी-रेग वाढतात’ अशी पावडर उद्या कुणी आणून देईल, म्हणून तेही आत्ताच सांगून ठेवते. काही जंतू अन्नातला चोथा आंबवून जी आम्लं तयार करतात त्यांनी आतड्यातल्या टी-रेग वाढतात, हे उंदरांत नीट दिसलं आहे. तुमच्या बोटांची सूज पावडरीने उतरते हे दिसलेलं नाही. भाकरी, डाळी, पालेभाजी खाता आहात ते उत्तमच, पण ते औषधाच्या जागी नाही.

मेथोट्रेक्सेट घेताना संसर्गाची भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. या मात्रेत ती प्रतिकारशक्ती पुसून टाकत नाही, पण ताप आला, खोकला लांबला, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना फोन करा, त्या आठवड्याची गोळी घ्यायची की नाही ते विचारा. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोकोकसची लस याबद्दल बोलून घ्या. जिवंत जंतूंच्या लसी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी: ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, कॅलेंडरवर गोल करा, आणि तिच्यासोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या डबीत ठेवा.

दुसऱ्या बाळाचं. होऊ शकतं, पण मेथोट्रेक्सेटवर असताना दिवस राहता कामा नयेत. गर्भाला तिने गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून आत्ता पाळणा लांबवण्याचं खात्रीचं साधन वापरा. बाळ हवं असं ठरेल तेव्हा, दिवस राहण्याच्या निदान एक ते तीन महिने आधी ती थांबवून गरोदरपणात चालणारं औषध द्यावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन अशी औषधं आहेत. शक्य तर आजार काही महिने शांत राहिल्यावरच हे ठरवा.

गरोदरपणातही टी-रेग मोठं काम करतात. बाळ निम्मं वडिलांचं असतं, म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीच्या हिशेबाने अर्धं परकं. तरी आईच्या पेशी त्याच्यावर चालून जात नाहीत. २००४ साली उंदरांत दिसलं की टी-रेग काढून घेतल्या तर गर्भ टिकत नाही. ऱ्हुमॅटॉइड असलेल्या पुष्कळ जणींचं दुखणं गरोदरपणात उतरतं, हे तर डॉक्टरांना त्याच्याही कितीतरी आधीपासून माहीत होतं. अमेरिकेतले फिलिप हेंच याच निरीक्षणाच्या मागे लागले आणि त्यातून ऱ्हुमॅटॉइडवर कॉर्टिसोनचा उपचार आला. १९५०च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण हा आराम सगळ्यांना मिळत नाही, आणि ज्यांना मिळतो त्यांचंही दुखणं बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत बहुधा उसळतं. ते महिने आधीच धरून चाला. बाळाला उचलायला, अंघोळ घालायला घरात दोन हात जास्त लागतील, आणि अंगावर पाजताना कोणतं औषध चालेल हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा.

थोरलीचं. आईला हा आजार असेल तर मुलीला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, तरीही अशा बहुतेक मुलींना तो कधीच होत नाही. म्हणून तिचं रक्त तपासून आरए फॅक्टर (या आजारासाठी रक्तात बघतात ती अँटिबॉडी) बघत बसू नका. चुकून वाढलेला निघाला तर विनाकारण घोर लागेल. या आजारात बाहेरच्या कारणांपैकी सगळ्यात पक्का पुरावा धूम्रपानाविरुद्ध आहे. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तुमच्यासाठी आणि तिच्यासाठीही ती बंद व्हायला हवी. तिचा एखादा सांधा सहा आठवडे सुजलेला राहिला, किंवा ती सकाळी लंगडत उठू लागली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एरवी तिला खेळू द्या.

पुढच्या भेटीला सासूबाईंना बरोबर न्या आणि त्यांचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.